ॲस्बेस्टॉसजन्य कर्करोग आणि त्यांचे उपचार : प्रस्तावना

आपल्याकडे ज्याला ‘सिमेंटचा पत्रा’ म्हणतात, त्याच्या नावात ॲस्बेस्टॉस हा शब्द कोठेही नाही. आणि एवढ्या एका साध्या गोष्टीमुळे, ज्याने आयुष्याची तीस वर्षे तो पत्रा कापण्यात, त्याला भोके पाडण्यात आणि तो छपरावर चढविण्यात घालविली, तो कामगारसुद्धा ‘ॲस्बेस्टॉसशी तुमचा कधी संबंध आला होता काय?’ या डॉक्टरांच्या प्रश्नास अगदी प्रामाणिकपणे ‘नाही’ असे उत्तर देतो. बाष्पनळ्यांवर लॅगिंग, म्हणजे उष्णतारोधक वेष्टन, चढविणारा, जुन्या मोटारींचे ब्रेक लायनर घासणारा, मुंबईच्या दारूखान्यात जहाजे तोडणारा, भट्टीच्या दाराला उष्णतारोधक दोरी बसविणारा, या साऱ्यांची स्थिती हीच. छातीच्या विकारांची चिकित्सा करण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याने उपचारांवरील ग्रंथाची प्रस्तावना औषधांपासून आरंभावी अशी वाचकाची अपेक्षा स्वाभाविक आहे. तथापि या रोगाचा उपचार पहिल्या औषधाच्या पुष्कळ आधी, एका प्रश्नापाशी सुरू होतो, आणि तो प्रश्न रोग्याच्या भाषेत विचारला गेला नाही तर पुढची सारी चिकित्सा उशिरा पोहोचते, अशी माझी धारणा झाली असल्यामुळे मी तेथूनच आरंभ करतो.

माझ्या उमेदवारीच्या काळातील एक रोगी मला विसरता येत नाही. उजव्या छातीत पाणी झाले म्हणून तो आला होता. आणि आपल्या देशात छातीत पाणी म्हणजे क्षय हे समीकरण इतके रूढ की, मी पाणी काढले, क्षयाची औषधे लिहून दिली आणि त्याचा धंदा विचारला नाही. चार महिन्यांनी पाणी पुन्हा भरले, छातीतले दुखणे रात्रंदिवस सुरू झाले, आणि तेव्हा कोठे त्याच्या पत्नीच्या बोलण्यातून, ‘हे घरी आल्यावर कपडे झटकले की दारात पीठ सांडल्यागत पांढरं व्हायचं,’ ही हकीकत बाहेर पडली. निदान झाल्यानंतर तो सात महिने जगला. ते चार महिने मी त्याला परत देऊ शकलो नाही, आणि बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने इ. स. १७०० मध्येच कामगारांच्या रोगांवरील आपल्या ग्रंथात, रोग्याला विचारावयाच्या परंपरागत प्रश्नांत ‘तुझा धंदा कोणता?’ या आणखी एका प्रश्नाची भर घालावी असे बजावून ठेवले होते, हे मला ठाऊक असूनही मी तो विचारला नव्हता.

ॲस्बेस्टॉस हे एका खनिजाचे नाव नसून सहा तंतुमय सिलिकेट खनिजांचे व्यापारातील गोत्रनाम आहे. त्यांपैकी क्रायसोटाइल म्हणजे पांढरा, क्रोसिडोलाइट म्हणजे निळा आणि ॲमोसाइट म्हणजे तपकिरी, हे तीन प्रकार बाजारात प्रामुख्याने खपले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘न विझणारे’ असा आहे. न जळणारा, न कुजणारा, आम्लांना बहुतांशी दाद न देणारा, सुताप्रमाणे कातता आणि विणता येणारा, आणि या सर्वांवर कडी म्हणजे स्वस्त, असा पदार्थ बाष्पयंत्रांच्या युगाला वरदानासारखा वाटला तर नवल नाही. परंतु ज्या गुणांमुळे तो यंत्राला उपकारक ठरला, त्याच गुणांमुळे तो शरीराला अपायकारक ठरतो. हा तंतू मोडताना आडवा न तुटता उभा चिरत जातो आणि अधिकाधिक बारीक होतो. श्वासाबरोबर तो फुफ्फुसाच्या अगदी टोकाच्या वायुकोशांपर्यंत जातो. तेथील भक्षक पेशी त्याला गिळू पाहतात, पण तंतू पेशीहून लांब असल्यामुळे तो त्यांना गिळवत नाही आणि विरघळवताही येत नाही. आणि मग या अपुऱ्या राहिलेल्या झटापटीचा दाह वर्षानुवर्षे धुमसत राहतो. काही तंतू फुफ्फुसाबाहेरील पातळ आवरणात, म्हणजे फुफ्फुसावरणात, शिरतात. काही उदरावरणातही पोहोचतात. या आवरणांच्या पेशींतून जो कर्करोग उद्भवतो, तो मेसोथेलिओमा. तंतूशी पहिला संबंध आणि रोगाचे पहिले लक्षण यांच्यामध्ये सामान्यतः वीस ते पन्नास वर्षांचा काळ जातो, आणि तेवढ्यात कारखाना बंद पडलेला असतो, मालक बदललेला असतो, हजेरीपट वाळवीने खाल्लेले असतात आणि कामगार गावी परतलेला असतो.

या विषयाचे ज्ञान कसकसे वाढत गेले, हा इतिहास वाचताना मन खिन्न होते, कारण त्यात अज्ञानाचा काळ थोडा आणि ज्ञानाकडे पाठ फिरविण्याचा काळ मोठा आहे. लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयातील डॉ. माँटेग्यू मरे यांनी १९०६ साली सरकारी समितीपुढे जबानी दिली की, काही वर्षांपूर्वी आपण तपासलेला तेहेतीस वर्षांचा एक रोगी ॲस्बेस्टॉस पिंजण्याच्या खोलीत काम करीत असे, आणि त्याच्या सांगण्याप्रमाणे त्या खोलीतील दहा जणांपैकी तोच एकटा उरला होता. १९३० मध्ये मेरेवेदर आणि प्राइस यांनी ब्रिटिश सरकारला सादर केलेल्या अहवालात, तपासलेल्या ३६३ कामगारांपैकी सुमारे चतुर्थांशांच्या फुफ्फुसांत तंतुमय काठिण्य, म्हणजे ॲस्बेस्टॉसिस, आढळल्याचे नमूद आहे. १९५५ मध्ये रिचर्ड डॉल यांनी ॲस्बेस्टॉस कामगारांतील फुफ्फुसाच्या कर्करोगाचे आधिक्य आकड्यांनी सिद्ध केले.

मेसोथेलिओमाचा उलगडा मात्र दक्षिण आफ्रिकेत झाला, आणि त्या हकीकतीत आपल्यासाठी विशेष बोध आहे. किंबर्ली येथील क्षयरुग्णालयाचे डॉ. स्लेग्ज यांच्या ध्यानात आले की, गावाच्या एका दिशेकडून येणारे छातीत पाणी झालेले रोगी क्षयाच्या औषधांनी बरे होतात आणि दुसऱ्या दिशेकडून येणारे होत नाहीत. ती दुसरी दिशा निळ्या ॲस्बेस्टॉसच्या डोंगरांची होती. वॅग्नर, स्लेग्ज आणि मार्चंड यांनी १९६० साली ३३ रोग्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांतील एक सोडून बाकी सर्वांचा त्या खनिजाशी संबंध जुळत होता, आणि त्यांपैकी कित्येकांनी खाणीत कधी पाऊलही ठेवले नव्हते, तर केवळ त्यांचे बालपण खाणीच्या आसमंतात गेले होते. पुढे १९६५ मध्ये लंडनमध्ये न्यूहाउस आणि टॉम्प्सन यांनी दाखवून दिले की, कामगाराच्या घरच्या माणसांना, त्याचे कपडे धुणाऱ्या बायकांना आणि कारखान्याच्या शेजाऱ्यांनाही हा रोग गाठतो. अमेरिकेत आयर्विंग सेलिकॉफ यांनी लॅगिंग कामगारांच्या संघटनेच्या नोंदवह्या हाती घेऊन एकेका सभासदाचा अनेक वर्षे माग ठेवला. धूम्रपान न करणाऱ्या आणि ॲस्बेस्टॉसशी संबंध न आलेल्या माणसाच्या मानाने फुफ्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचा धोका केवळ ॲस्बेस्टॉसने सुमारे ५ पट, केवळ धूम्रपानाने ११ पट आणि दोन्ही एकत्र आल्यास ५३ पट होतो, हा त्यांच्या मंडळींचा १९७९ मधील निष्कर्ष आजही शिकविला जातो. तुर्कस्तानातील कापादोक्या प्रांतातल्या काही खेड्यांत एरिओनाइट नावाच्या वेगळ्याच तंतुमय खनिजाने घराघरांत हाच रोग पसरविला. आणि २०११ मध्ये, बीएपी-१ या जनुकात आनुवंशिक दोष असलेल्या कुळांत तो अधिक होतो असे सिद्ध झाले. म्हणजे बीज आणि भूमी या दोहोंचाही विचार आता करावा लागतो. परंतु जगातील बहुसंख्य रोग्यांच्या बाबतीत कारण एकच आहे, आणि ते खाणीतून काढून बाजारात विकले गेले होते.

निदानाविषयी थोडेच लिहितो, कारण ग्रंथात त्याचा ऊहापोह विस्ताराने आला आहे. छातीतील पाण्याच्या तपासणीवर विसंबून राहू नये. दुर्बिणीने छातीत पाहून आवरणाचा पुरेसा मोठा तुकडा घ्यावा, आणि तो कॅलरेटिनिन, डब्ल्यूटी-१, बीएपी-१ इत्यादी प्रथिनांची रंगपरीक्षा जेथे होते अशा विकृतिशास्त्रज्ञाकडे पाठवावा. एपिथेलिऑइड, सार्कोमॅटॉइड आणि दोहोंचे मिश्रण असे रोगाचे तीन प्रकार आहेत. त्यांतील पहिला तुलनेने सौम्य आणि दुसरा अतिशय उग्र. हा भेद केवळ पांडित्याचा नाही, कारण पुढे कोणते औषध आधी द्यावे हे पुष्कळ अंशी त्यावरच ठरते.

आता उपचारांकडे वळतो. या क्षेत्रात जे संप्रदाय निर्माण झाले, त्यांत सर्वांत जुना आणि सर्वांत धाडसी संप्रदाय शल्यवैद्यांचा. रोग एका बाजूच्या छातीत आहे, तेव्हा फुफ्फुस, त्याचे आवरण, हृदयावरणाचा भाग आणि मध्यपटल हे सारेच समूळ काढून टाकावे, हा त्यांचा तर्क ऐकणाऱ्याला पटण्याजोगा आहे. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथून बुचार्ट यांनी १९७६ मध्ये अशा २९ रोग्यांचा वृत्तांत दिला. त्यांपैकी जवळजवळ एकतृतीयांश शस्त्रक्रियेपायीच दगावले होते. नंतरच्या काळात बोस्टनचे डेव्हिड शुगरबेकर यांनी निवड कठोर केली, भूल आणि शुश्रूषा सुधारली, शस्त्रक्रियेला रसायनोपचार व किरणोपचार यांची जोड दिली, आणि १९९९ मध्ये १८३ रोग्यांचा जो हिशेब मांडला त्यात शस्त्रक्रियेतील मृत्यूंचे प्रमाण शेकडा चारच्याही खाली आले होते. जगभरातील शल्यवैद्यांना यामुळे हुरूप आला. परंतु ज्यांची निवड मुळातच धडधाकट म्हणून झाली, ते शस्त्रक्रियेमुळे अधिक जगले की धडधाकट होते म्हणूनच अधिक जगले, हा प्रश्न तसाच उरला, आणि त्याचे उत्तर चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडल्यावाचून मिळण्याजोगे नव्हते.

ब्रिटनने ते धैर्य दाखविले, आणि माझ्या मते या रोगाच्या चिकित्सेच्या इतिहासातील सर्वांत मोलाचे कार्य तेच आहे. ‘मार्स’ या चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. रोगी अवघे ५० होते आणि त्यावरून आक्षेपही पुष्कळ घेतले गेले. तरी फुफ्फुसासह सारे काढून टाकल्याने लाभ दिसला नाही, उलट अपाय होत असावा असेच दिसले. मग शल्यवैद्य म्हणाले की, फुफ्फुस राखून केवळ रोगट आवरण सोलून काढण्याची शस्त्रक्रिया अधिक सुसह्य आहे. तीही ‘मार्स-२’ या चाचणीत तपासली गेली. ३३५ रोगी, २६ रुग्णालये, आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला निकाल असा की, रसायनोपचारासोबत शस्त्रक्रिया झालेल्यांचे मध्यमान आयुष्य १९.३ महिने, तर केवळ रसायनोपचार मिळालेल्यांचे २४.८ महिने. ज्यांनी ही चाचणी चालविली त्यांत शल्यवैद्यच अग्रभागी होते, हे मी येथे आदराने नमूद करतो. आपल्या हस्तकौशल्याचा दावा स्वतः कसोटीस लावणे आणि विरुद्ध गेलेला निकाल जगापुढे ठेवणे याला फार मोठी सचोटी लागते. निवडक रोग्यांना शस्त्रक्रिया लाभते असे मानणारे तज्ज्ञ आजही आहेत आणि त्यांची बाजू या संग्रहात त्यांच्याच शब्दांत आली आहे. परंतु छातीतील मेसोथेलिओमाच्या रोग्याला ‘मोठे ऑपरेशन केले की मोकळे व्हाल’ असे यापुढे कोणी सांगू नये, एवढे माझे मत निश्चित झाले आहे.

उदरावरणातील मेसोथेलिओमाची गोष्ट निराळी आहे, आणि तो भेद सामान्य वाचकाने विशेष लक्षात ठेवावा. तेथे दिसणारी सर्व अर्बुदे काढून, ऊन केलेले रसायनद्रव्य पोटातच काही काळ खेळविण्याची पद्धत रूढ झाली आहे. तिचे प्रमुख प्रवर्तक वॉशिंग्टनचे पॉल शुगरबेकर, म्हणजे वर उल्लेखिलेल्या डेव्हिड यांचे बंधू. २००९ मध्ये अनेक केंद्रांनी मिळून ४०५ रोग्यांचा जो एकत्रित हिशेब प्रसिद्ध केला, त्यात मध्यमान आयुष्य ५३ महिने होते. हे रोगीही निवडलेलेच होते, ही सूचना येथेही विसरता कामा नये. तथापि छातीतील रोगाच्या मानाने हे अंतर इतके मोठे आहे की, उदरातील रोग्याला अनुभवी केंद्राकडे पाठविण्यात कुचराई करणे हा मी प्रमाद समजतो.

रसायनोपचाराच्या संप्रदायाला दीर्घकाळ यश आले नाही. अनेक औषधे आली आणि गेली. २००३ मध्ये व्होगेलझँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिस्प्लॅटिनला पेमेट्रेक्सेडची जोड दिल्यास मध्यमान आयुष्य ९.३ महिन्यांवरून १२.१ महिन्यांवर जाते असे दाखविले, आणि पुढील वर्षी अमेरिकेत त्या औषधाला या रोगासाठी मान्यता मिळाली. या चाचणीतील एक गोष्ट मला नेहमी सांगावीशी वाटते: आरंभी औषधाच्या विषारी परिणामांनी काही रोगी दगावले, तेव्हा चाचणी चालू असतानाच प्रत्येकाला फॉलिक आम्ल आणि बी-१२ जीवनसत्त्व देण्याची तजवीज केली गेली आणि तो उपद्रव पुष्कळ कमी झाला. आज कोणत्याही गावातील औषधाच्या दुकानात किरकोळ किमतीला मिळणाऱ्या या दोन गोळ्या-इंजेक्शनांवाचून ते महाग औषध देता येत नाही. २०१६ मध्ये फ्रान्समधील चाचणीने याच जोडीला बेव्हासिझुमॅबची भर घातली आणि मध्यमान १६.१ वरून १८.८ महिन्यांवर नेले. पेमेट्रेक्सेड आता भारतीय कंपन्याही तयार करतात आणि ते आपल्या सार्वजनिक रुग्णालयांच्या आवाक्यात आले आहे.

यानंतरचा अध्याय शरीराच्या प्रतिकारशक्तीचा. कर्कपेशी आपल्या रक्षक पेशींना थोपवून धरतात, तो अडसर काढून घेणारी औषधे गेल्या दशकात आली. आणि निव्होलुमॅब व इपिलिमुमॅब या जोडीची ६०५ रोग्यांवरील चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा मध्यमान आयुष्य १४.१ महिन्यांवरून १८.१ महिन्यांवर गेलेले दिसले. विशेष हे की, ज्या उग्र प्रकारांपुढे रसायनोपचार हतबल होता, तेथे हा फरक ८.८ आणि १८.१ महिने इतका होता. दोन वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण एकंदरीत शेकडा २७ वरून ४१ झाले. मेसोथेलिओमात कर्कपेशीला चेतविणारे एखादे जनुक सापडण्यापेक्षा तिला आवरणारे जनुकच नष्ट झालेले बहुधा आढळते, आणि नष्ट झालेल्या वस्तूवर नेम धरून औषध बनविणे कठीण; या कारणास्तव फुफ्फुसाच्या कर्करोगात ज्या लक्ष्यवेधी गोळ्यांनी क्रांती केली, त्या येथे अजून फारशा चालल्या नाहीत, आणि प्रतिकारशक्तीच्या मार्गाला म्हणूनच इतके महत्त्व आले. परंतु त्याची किंमत आपल्या बहुतेक कुटुंबांना झेपणारी नाही, हे कठोर सत्य दडवून ठेवण्यात अर्थ नाही. मुंबईच्या टाटा रुग्णालयातील संशोधकांनी डोके व मान यांच्या कर्करोगात निव्होलुमॅब अत्यल्प मात्रेत देऊनही लाभ होतो असे २०२२ च्या सुमारास दाखविले. तो पुरावा या रोगाला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण गरीब देशातील वैद्यकाने कोणत्या दिशेने प्रश्न विचारावेत, याचे ते उदाहरण आहे आणि मला त्याचा अभिमान वाटतो.

किरणोपचाराचा अधिकार या रोगात मर्यादित आहे. दुखण्यावर तो उपयोगी पडतो. सुई वा नळी घातलेल्या जागी रोग उगवू नये म्हणून सर्वांना सरसकट किरण देण्याचा जुना प्रघात मात्र चाचण्यांत टिकला नाही. ॲस्बेस्टॉसमुळे झालेल्या फुफ्फुसाच्या कर्करोगाविषयी, जो मेसोथेलिओमाहून अधिक माणसांना होतो असे मानले जाते, एवढेच सांगतो की, त्याची चिकित्सा इतर कारणांनी झालेल्या फुफ्फुसाच्या कर्करोगाप्रमाणेच होते. तो लवकर सापडल्यास शस्त्रक्रियेने बरा होऊ शकतो, आणि म्हणून ज्या कामगाराने तंतू आणि तंबाखूचा धूर दोन्ही श्वासात घेतले, त्याने आजपासून धूम्रपान सोडणे हाही एक उपचारच आहे. स्वरयंत्र आणि बीजांडकोश यांचे कर्करोगही ॲस्बेस्टॉसमुळे होतात, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा निर्णय आहे.

आणि उपशमन. या शब्दाचा अर्थ आपल्याकडे ‘आता काही करण्याजोगे उरले नाही’ असा लावला जातो, तो चुकीचा आहे. छातीतील पाणी वारंवार सुया टोचून काढण्याऐवजी निर्जंतुक शंखजिऱ्याची पूड आत पसरून दोन्ही आवरणे चिकटविता येतात, किंवा घरच्या माणसाला रोज सोडता-लावता येईल अशी नळी कायम बसविता येते; यामुळे रोग्याला पायऱ्या चढता येतात, आडवे झोपता येते, नातवंडाला मांडीवर घेता येते. मॉर्फीन मिळण्यातील कायद्याची अडचण २०१४ च्या दुरुस्तीने बरीच सैल झाली आहे, तरी जिल्ह्याच्या ठिकाणीसुद्धा ते ठेवण्यास अधिकारी कचरतात. ज्या उपचाराने जवळजवळ प्रत्येक रोग्याला लाभ होतो असा एकमेव उपचार हाच आहे, आणि तो सर्वांत स्वस्त असूनही सर्वांत दुर्मीळ राहावा, याचे मला अतिशय दुःख होते.

आकड्यांविषयी एक खुलासा. मध्यमान म्हणजे मुदत नव्हे. अर्धे रोगी त्याच्या अलीकडे आणि अर्धे पलीकडे असतात. जीवाश्मशास्त्रज्ञ स्टीफन जे गुल्ड यांना १९८२ मध्ये उदरातील मेसोथेलिओमा झाला, तेव्हा ग्रंथांतरी मध्यमान आठ महिने होते. त्यांनी पलीकडच्या अर्ध्या भागाकडे बोट दाखविणारा एक प्रसिद्ध निबंध लिहिला, आणि ते आणखी वीस वर्षे जगून २००२ मध्ये अन्य कर्करोगाने वारले. उलटपक्षी, चित्रपटनट स्टीव्ह मॅक्वीन याच रोगाने गांजल्यावर फळांच्या बियांपासून काढलेल्या औषधाच्या आणि तत्सम उपायांच्या नादी लागून मेक्सिकोस गेले आणि १९८० मध्ये तेथेच शस्त्रक्रियेनंतर मरण पावले. हताश कुटुंबापुढे आपल्याकडेही असे सौदागर उभे राहतात. जमीन गहाण टाकण्यापूर्वी घरच्यांनी ‘या औषधाची चाचणी किती रोग्यांवर झाली?’ एवढेच विचारावे.

हा विषय आपल्यासाठी आज निकडीचा का, हे सांगण्यास फार शब्द नकोत. फ्रान्सने १९९७ मध्ये, ब्रिटनने १९९९ मध्ये आणि सबंध युरोपीय संघाने २००५ पर्यंत ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली. भारताने १९८६ पासून खाणींचे नवे पट्टे देणे थांबविले, परंतु आयात चालू ठेवली, आणि आज आपला देश जगातील सर्वांत मोठ्या आयातदारांपैकी आहे. मुलुंड आणि घाटकोपर परिसरांतील कारखान्यांत दशकानुदशके हे तंतू हाताळले गेले; मुंबईतील एका गिरणीच्या कामगारांची तपासणी करून डॉ. मुरलीधर आणि त्यांचे सहकारी कान्हेरे यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाचांपैकी एकाहून अधिक जणांना ॲस्बेस्टॉसिस आढळला. ‘क्लेमांसो’ हे फ्रेंच युद्धनौकेचे धूड २००६ मध्ये अलंग या जहाजतोडीच्या बंदराच्या वाटेवरून परत बोलावले गेले, कारण त्याच्या पोटात ॲस्बेस्टॉस होता. ज्या शेकडो जहाजांची चर्चा झाली नाही, ती मात्र आली आणि तोडली गेली. वीस ते पन्नास वर्षांचा सुप्तकाळ लक्षात घेता, आज तोडलेल्या पत्र्याचा रोगी २०६० सालीही आपल्या बाह्यरुग्ण विभागात येईल.

प्रस्तुत संग्रह फुफ्फुसरोगतज्ज्ञ, शल्यवैद्य, विकृतिशास्त्रज्ञ, उपशामक शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका आणि कामगार चळवळीतील कार्यकर्ते यांनी मिळून लिहिला आहे, आणि त्यांची मते सर्वत्र जुळत नाहीत. ती जुळवून घेण्याचा खटाटोप संपादकांनी केला नाही, हे योग्यच झाले. प्रत्येक उपचाराचा लाभ, त्याचा त्रास, त्याचा खर्च आणि त्यामागचा पुरावा मराठीत मांडून निवड रोग्याच्या हाती द्यावी, एवढीच या ग्रंथाची प्रतिज्ञा आहे. औषधांच्या मात्रा ठरविण्यासाठी तो लिहिलेला नाही, आणि त्या कामी कोणी तो वापरू नये. कायद्याचे प्रकरण यात का, असे काही वैद्यमित्रांनी विचारले. माझे उत्तर असे की, नुकसानभरपाई मिळाली तर औषध घेता येते, आणि रोग धंद्यामुळे झाला असे डॉक्टरांनी लिहून दिले नाही तर ती मिळत नाही. ॲस्बेस्टॉसिस हा कायद्याने कळविण्यास बंधनकारक असा रोग आहे. तो कळविण्याचे कर्तव्य डॉक्टरांचे आहे, आणि आम्ही ते फार क्वचित बजावतो.

सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ च्या निकालात कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग मानला, आणि प्रत्येक ॲस्बेस्टॉस कारखान्याने कामगाराच्या प्रकृतीचे दप्तर नोकरीच्या आरंभापासून चाळीस वर्षे, अथवा नोकरी संपल्यापासून पंधरा वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तेथवर जतन करावे असा हुकूम दिला. ज्या वाचकाच्या घरात कोणी अशा कामावर होते, त्याने हे दप्तर लेखी अर्ज करून मागावे. आणि घरात जुनी पगाराची चिठ्ठी, कामगार विम्याचे कार्ड, फंडाची पावती किंवा कारखान्याचा ओळखबिल्ला सापडला, तर तो रद्दीत न टाकता जपून ठेवावा व डॉक्टरांकडे जाताना बरोबर न्यावा.